पोशेट्टीची हाक

डोंबिवलीच्या खाडीवर जो जुना धक्का आहे, त्याच्या अगदी खालच्या पायरीला एक दगड आहे. चांगला बैलगाडीएवढा लांब. मोठ्या ओहोटीला तो उघडा पडतो, तेव्हा कोळणी त्यावर टोपल्या टेकवतात आणि पोरं त्यावरून पाण्यात उड्या मारतात. मी कुणालाही तिकडे फिरायला नेलं की आधी तो दगड दाखवतो. घरची मंडळी हसतात, "निघाला यांचा दगड!" म्हणतात. निघू दे. तो दगड तिथे कसा गेला हे ज्याने नेला त्यानेच मला सांगितलं आहे, आणि एकदा नव्हे, किती तरी वेळा. दर वेळी त्याला काही तरी नवीन आठवायचं, आणि मी दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करून बसायचो.

त्याचं नाव पोशेट्टी. पण ही गोष्ट सुरू होते तेव्हा शहाडपासून डोंबिवलीपर्यंत सगळे त्याला परशुराम म्हणत, आणि त्यालाही तेच हवं होतं.

त्याचा बाप नरसय्या. निजामाच्या मुलखातला, एलगंदलकडचा. सत्तावनच्या बंडाच्या दोन-तीन वर्षं आधी आगगाडी कल्याणच्या पुढे निघाली आणि शहाडला उल्हास नदीवर पूल बांधायला माणसं हवी झाली, तेव्हा तिकडून कामाठ्यांच्या टोळ्या आल्या. घरात तेलुगू बोलणारी, दगड फोडणारी, घडणारी, वाहणारी माणसं. पूल झाला, त्यावरून गाडी गेली. निम्मी माणसं परत गेली, निम्मी राहिली. नरसय्या राहिला. का राहिलास विचारलं की म्हणायचा, "दगड चांगली आहे इकडे." त्याला मराठीत दगड आली, बैल गेली आणि मुकादम रागावली. बाजारात तो बोलायला लागला की वाणी हसायचे, आणि शेजारी उभा असलेला पोशेट्टी जमिनीकडे बघत पायाच्या अंगठ्याने माती उकरायचा.

पोशेट्टी जन्मला तो इथलाच, शहाडच्या नदीकाठच्या कामाठ्यांच्या वस्तीत. बाप तेलुगूत विचारायचा, मुलगा मराठीत उत्तर द्यायचा. आई लचव्वा चिंचेचं पाणी, कांदा आणि मिरची कालवून पच्चीपुलुसू करायची, तो ते भातावर घेऊन ओरपायचा, आणि बाहेर पडण्याआधी खळखळून चूळ भरायचा. आश्विनात वस्तीतल्या बायका फुलांचे मनोरे रचून, त्याभोवती गाणी म्हणून ते नदीत सोडत. लचव्वा दर वर्षी त्याला झेंडू आणायला पाठवायची. एका वर्षी तो म्हणाला, "मी नाही जात. पोरं विचारतात, ही कुठली पूजा." लचव्वा टोपली उचलून स्वतः गेली.

आता दगड वाहण्याची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

मोठा दगड असला की त्याला काथ्याचे दोर आवळायचे, दोर जाड वाशांना अडकवायचे आणि वासे दोन्ही बाजूंनी माणसांनी खांद्यावर घ्यायचे. दगड मधे लोंबत राहतो, जमिनीपासून वीतभर वर. हाक देणारा पुढे, दगडाकडे तोंड करून उलटा चालतो. कामाठ्यांत तो एक ओळ गाऊन म्हणतो. ओळ चालू असताना कुणी हलायचं नाही. खांदे ताठ, छातीत श्वास भरलेला. ओळ संपली की सगळ्यांनी मिळून "ऐलेसा!" म्हणायचं, आणि त्या शेवटच्या 'सा'वर सगळी पावलं एकदम पडायची. एक पाऊल. मग पुन्हा ओळ, पुन्हा ऐलेसा, पुन्हा पाऊल. बघणाऱ्याला वाटतं, अरे, हे संध्याकाळपर्यंत इथेच दिसणार! आपल्याकडची रीत निराळी. मुकादम "चला!" म्हणाला की त्या शब्दालाच पाऊल उचलायचं. जमीन सपाट असेल तर दोन्ही रीतींनी दगड पोचतो.

शहाडला कामाठी दगड घेऊन निघाले की मागून पोरांची वरात निघे. एक बांबू खांद्यावर, त्याला फुटकं मडकं टांगलेलं, पोटं फुगवलेली, आणि "ऐलेसा, ऐलेसा" करत पोरं लडबडत चालायची. या वरातीत उलटा चालणारा नरसय्या कोण व्हायचा? पोशेट्टी. पोरांत घ्यावं म्हणून तोच पुढे सरसावला होता. बापाची ओळ, बापाचा सूर, मधेच मान झटकायची बापाची लकब, सगळं हुबेहूब. सुताराचा रघु हसून हसून रस्त्यावर लोळायचा. तिथून त्या दोघांची दोस्ती झाली. परशुराम हे नावही रघुनेच ठेवलं. "ते पोशे का फोशे आमच्या आईला म्हणता येत नाही," तो म्हणाला.

नरसय्याने ती नक्कल एकदा पाहिली. दगड घेऊन येत होता, समोरून पोरं आली. खांद्यावर दगड असताना माणूस रागावणार कसा? त्याने हाक चालू ठेवली, टोळी पुढे गेली. घरीही तो कधी त्यावर एक शब्द बोलला नाही. पोशेट्टी म्हातारपणी मला म्हणायचा, "दोन थपडा मारल्या असत्या ना, तर बरं झालं असतं बघा."

तर असा हा परशुराम मोठा झाला आणि बापाच्या टोळीत न जाता तानाजी मुकादमाच्या टोळीत गेला. तानाजी कल्याणचा. अंगाने आडवा, मिशीला तूप लावणारा, आवाज असा की बैल बुजावेत. त्याच्या टोळीत रघुही होता, आणि बाकीचेही शहाडचेच, त्याच वरातीतले. रोज सकाळी तानाजी हजेरीची नावं पुकारायचा, "परशुराम!" की "हाजीर!" असा खणखणीत आवाज यायचा. काम चोख, आवाज मोठा, जीभ स्वच्छ. नव्याने येणाऱ्याला तो जुन्नरकडचा वाटायचा, आणि तसं कुणी म्हणालं की तो नाही म्हणत नसे.

डोंबिवलीला स्टेशन झालं, त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षातली गोष्ट. खाडीवर धक्क्याचं काम निघालं, ते तानाजीला मिळालं. सगळ्या पायऱ्या झाल्या, राहिली ती सगळ्यांत खालची, जिच्यावर भरतीचा मार बसणार. तिच्यासाठी एकच अखंड दगड बसवायचा ठरला. तो घडवायला नरसय्याइतका हात कुणाचा नव्हता, म्हणून दगड त्याच्याकडे गेला. आणि दगडाची जागा अशी की वैशाखातल्या अमावास्येच्या मोठ्या ओहोटीलाच तिथला तळ उघडा पडणार. ती ओहोटी चुकली की पुढे पाऊस, मग काम दिवाळीपर्यंत लटकलं.

तानाजीने परशुरामला बाजूला घेतलं.

"परशा, शिमग्यापासून बघतोय तुला. पावसाळ्यानंतर ठाण्याला तलावाच्या पायऱ्यांचं काम निघतंय. मला दोन्हीकडे नाचता येणार नाही. तिकडे मुकादम लागेल."

कामाठ्याच्या पोराला मुकादमी! वस्तीत असं कुणी ऐकलं नव्हतं.

"हा दगड खाली नेऊन बसव. हाक तू द्यायची. बसला, तर ठाणं तुझं."

"बसवतो, मुकादम."

"पण एक आहे. कामावरचा साहेब येणार, गाव लोटणार. हाक आपली, मराठी. ते तुमचं यंडुगुंडू मला तिथे नको. लोक तमाशा बघायला येतात, मग माझ्याच टोळीचं हसं होतं. ठाण्याला माझी माणसं तुझ्या हाताखाली द्यायची, ती तुला आपला समजली पाहिजेत. कळलं?"

"कळलं."

"आणि तुझा म्हातारा नको तिथे. तो तोंड उघडल्याशिवाय राहायचा नाही."

त्या दिवशी परशुराम घरी गेला तेव्हा नरसय्या त्या दगडाच्या कडेवर शेवटची छिन्नी चालवत होता. दगड वस्तीच्या तोंडाशीच पडला होता आणि त्यावर कुठे ओरखडा म्हणून शोधून सापडला नसता.

"नायना," मुलगा मराठीत म्हणाला, "अमावास्येच्या कामाला तू येऊ नकोस."

नरसय्याचा हातोडा थांबला. "का?"

"उतार आहे. चिखल आहे. तुझं वय झालं."

"हाक कोण देणार?"

"मी."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की पोशेट्टीला पुढचं बोलवेना. पण बोलणं भाग होतं. "मराठीत," तो म्हणाला.

नरसय्याने हातोडा उचलला. मग छिन्नीचं टोक बोटाने तपासलं आणि पुन्हा कामाला लागला. आतून लचव्वा म्हणाली, "दगड तुझ्या बापाने घडवायचा, आणि तो बसताना बापाने बघायचंही नाही?"

"अव्वा, तुला नाही कळायचं. मुकादमी आहे ही."

"मला मराठी येत नाही, बिड्डा. एवढं मात्र कळतं."

पण पुढे अडलं ते निराळ्याच ठिकाणी. दगड सोळा खांद्यांचा. तानाजीच्या टोळीत ऐन वेळी ताप शिरला, आणि निम्मे खांदे उरले. बाकीचे कामाठ्यांच्या वस्तीतून घ्यावे लागणार. तिथले गडी म्हणाले, "येतो, पण नरसय्या पुढच्या वाशाला पाहिजे. तो नाही तर आम्ही नाही." इतकी वर्षं ज्याच्या मागे चाललो त्याच्याशिवाय चिखलात पाय घालायची त्यांची तयारी नव्हती.

तानाजी मिशी चावत राहिला. शेवटी नरसय्यासमोर जाऊन उभा राहिला.

"येऊ देतो तुला, म्हातारबा. पण तोंडातून आवाज काढायचा नाही. कबूल?"

नरसय्याने मुलाकडे एकदा पाहिलं. "तोंड उघडत नाही मी," तो म्हणाला. "शब्द दिली."

अमावास्येच्या दिवशी दगड गाड्यावरून धक्क्याच्या माथ्यापर्यंत आला. गाव लोटलं होतं. साहेब छत्री घेऊन कडेला उभा. उपड्या होडीवर आवडाबाई बसलेली. ही कोळीवाड्यातली म्हातारी, दोन होड्यांची मालकीण, आणि खाडीच्या पाण्याचा हिशोब तिला विचारल्याशिवाय कुणी होडी सोडत नसे. तिने आधीच बजावलं होतं, "पानी फिरलं की मी वराडेन. मंग तुमचा सायेब न् मुकादम कोनाचा आयकायचा नाय पानी."

पायऱ्यांच्या शेजारून मुरूम टाकून उतार केला होता. वर कोरडा, मधे ओलसर, खाली निव्वळ चिखल. चिखलावर फळ्या टाकल्या होत्या. परशुरामने सगळं दोनदा पाहिलं. डावीकडच्या वाशांना तानाजीची माणसं, सगळ्यांत पुढे रघु. उजवीकडे कामाठी, सगळ्यांत पुढे नरसय्या. खांद्यावर घोंगडीची घडी, कमरेला पंचा आवळलेला. त्याने वासा घ्यायच्या आधी दगडावर हात ठेवला, आणि ओठ न हलवता काय म्हणायचं ते म्हणाला.

परशुराम दगडाकडे तोंड करून उभा राहिला. "खांदे द्या! उचला!"

दगड उठला. गर्दीतून "हो" असा आवाज निघाला.

"चला! टाका! चला! टाका!"

माथ्यावरच्या सपाटीला छान चाललं. तानाजीने साहेबाकडे पाहून मिशीवरून हात फिरवला. पण परशुरामला एक गोष्ट दिसली. "चला!" म्हटलं की डावी बाजू त्याच क्षणी पाऊल उचलत होती. उजवी बाजू शब्द संपायची वाट बघून मग. नकळत. तीस-तीस वर्षं त्यांच्या पायांना तेच वळण होतं, ओळ ऐकायची आणि नंतर पडायचं. श्वासाएवढाच फरक. सपाटीवर दगड तेवढा फरक पोटात घालत होता.

उतार लागला, आणि दगड झुलायला लागला.

आधी थोडा. "चला!" डावी पुढे, दगड उजवीकडे कलला. उजवी पोचली, दगड डावीकडे. "सांभाळून! चला!" परशुराम आवाज वाढवायला लागला, आणि आवाज वाढला तशी डावी बाजू आणखी घाईने निघायला लागली. वासे करकरले. रघु दातांतून म्हणाला, "परशा, ओढतोय तो. आमच्या अंगावर येतोय."

"थांबू नका!" वरून तानाजी ओरडला. "पुढे चला! थांबलात की रुतलात!"

"पानी फिरलं रं!" आवडाबाईची किंकाळी आली. "फिरलं पानी!"

ओल्या मुरुमावरून ते चिखलातल्या फळ्यांवर आले. पहिलीच फळी उजव्या बाजूला तिरकी झाली. नरसय्याचा पाय फळीवरून घसरून गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. दगड एक मोठा झोका घेऊन त्याच्याकडे आला, मागचा एक दोर तटकन् तुटला, आणि वाशाचा सगळा भार त्याच्या मानेवर बसला. मागचे कामाठी थिजले. डावीकडच्यांना पुढेही जाता येईना आणि खालीही ठेवता येईना. खाली ठेवला तर म्हातारा दगडाखाली, आणि दगड वाकडा रुतून कायमचा तिथेच.

पाण्याची पहिली पातळ जीभ फळ्यांच्या टोकाशी आली होती.

परशुराम बापाच्या समोर हातभर अंतरावर उभा होता. बापाच्या मानेच्या शिरा दोरासारख्या वर आल्या होत्या. तोंड घट्ट मिटलेलं. म्हाताऱ्याला काय करायचं ते माहीत होतं, सबंध टोळीला एका ओळीत तो परत ताळ्यावर आणू शकला असता. एक ओळ! पण त्याने तोंड उघडलं नाही. शब्द दिलेला होता. डोळे मात्र मुलाच्या तोंडावर लावलेले.

पोशेट्टी मला म्हणायचा, "अहो, तो मरायला तयार होता, पण माझी मुकादमी घालवायला तयार नव्हता. आणि मी? मी तेव्हासुद्धा वर तानाजीकडे बघितलं."

वरून तानाजी ओरडत होता, "चला म्हण! चला म्हण, परशा!"

पोशेट्टीने बापाकडे तोंड केलं. छातीत श्वास भरला आणि हाक घातली.

"कोंडनु मोसे कोडका..."

पहिला सूर चिरकला. ओळ म्हणजे, डोंगर उचलणाऱ्या लेकरा. बाप आयुष्यभर जी ओळ टोळीला म्हणत आला ती. आणि आता मुलगा बापालाच लेकरा म्हणत होता, बघा!

नरसय्याखेरीज उजवीकडचे सात गळे एकदम उठले. "ऐलेसा!" पण पाऊल पडलं नाही. नरसय्याचा पाय अजून चिखलात होता आणि डावीकडची माणसं तशीच उभी होती. एकटी उजवी बाजू हलली असती तर दगड उलटलाच असता.

गर्दीत कुणी तरी फिस्सकन हसलं.

पोशेट्टीने रघुकडे पाहिलं. रघुच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. "रघ्या," पोशेट्टी म्हणाला, "मडकं आठव."

रघुने डोळे मिचकावले. मग त्याचा जबडा हलला. मडकं, बांबू, फुगवलेली पोटं. अख्खं बालपण तो हीच ओळ ऐकत, तिची टिंगल करत कामाठ्यांच्या मागे चालला होता. तोच काय, डावीकडचा प्रत्येक जण चालला होता! कुठे थांबायचं, कुठे 'सा' पडतो, कुठे पाय टाकायचा, सगळ्यांच्या अंगात भिनलेलं. इतकी वर्षं चेष्टेत गिरवलं होतं ते.

"मेल्लगा अडुगू वेय्यरा..." पोशेट्टीने दुसरी ओळ लावली. सावकाश पाऊल टाक रे.

ओळ चालू असेपर्यंत कुणी हललं नाही. डावीकडचेही नाही.

"ऐलेसा!" रघुचा आवाज सगळ्यांत मोठा. पंधरा गळे. सोळा खांदे एकदम वर झाले, नरसय्याच्या मानेवरून भार निघाला, आणि त्याचा पाय चिखलातून 'पच्' आवाज करत बाहेर आला. पाऊल पडलं ते एकच. दगड झुलला नाही.

मग काय सांगू! ओळ आणि पाऊल. ओळ आणि पाऊल. पाणी घोट्याला आलं. गर्दीतलं हसणं केव्हाच थांबलं होतं. डावीकडच्या एका गड्याला तेलुगूतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण ऐलेसा म्हणताना जुन्या सवयीने त्याचं पोट फुगत होतं. हे रघुनेच नंतर सांगितलं, म्हणजे खोटं असायचं कारण नाही. पाणी पोटरीला आलं तेव्हा ते तळाच्या चौथऱ्यावर पोचले. "दिंचू..." पोशेट्टीने सूर खाली आणला. खाली ठेवा. दगड उतरला, पहारींनी दोन बोटं सरकवला, आणि आपल्या जागी असा बसला की फटीत सुरीचं पातं जाऊ नये.

दोर सोडवून माणसं पाण्यातून वर आली. आवडाबाई होडीवरून उतरून नरसय्याजवळ गेली, त्याची सोललेली मान पाहिली, आणि पदराने पुसत पोशेट्टीला म्हणाली, "तुजा बापूस ना ह्यो? मंग इतका वेल काय तोंडात गुलनी धरलेलीस?"

तानाजी पुढे आला. साहेब खूष होऊन निघून गेला होता, तरी तानाजीचा चेहरा काळवंडलेला.

"हाक काय ठरली होती, परशा?"

"मराठी."

"मग?"

"दगड बसला, मुकादम."

"दगड बसला. पण गावासमोर माझी माणसं कामाठ्यांच्या सुरात नाचली. उद्या ठाण्याला तुझ्या हाताखाली देऊ यांना? काय म्हणतील मला कल्याणात?" त्याने आवाज खाली आणला. त्यालाही ते बोलणं सोपं जात नव्हतं, असं पोशेट्टी म्हणायचा. "ठाणं विसर."

रघु मधे पडला, "मुकादम, अहो, म्हातारा मेला असता..."

"तू गप."

"विसरलो," पोशेट्टी म्हणाला. एवढंच. मुकादमी गेली, ती कायमची गेली. ठाण्याला तानाजीचा भाचा गेला. त्याच्या हाताखालच्या पायऱ्या कशा झाल्या ते मी सांगणार नाही, त्याची नातवंडं आमच्या आळीत राहतात.

बाप-लेक रुळाच्या कडेने शहाडला निघाले. नरसय्या मान एका बाजूला धरून चालत होता. पोशेट्टीच्या मनात येत होतं, आता म्हातारा काही तरी म्हणेल. शाबास म्हणेल, रडेल, इतक्या वर्षांचं काढील. कल्याण मागे पडलं, नदीचा पूल दिसायला लागला, तेव्हा नरसय्याने तोंड उघडलं.

"दुसऱ्या ओळीला घाई केलीस," तो म्हणाला. "'मेल्लगा' असं कुणी म्हणतं का पळत पळत? शब्दच सावकाशचा आहे."

"तुझी मान मोडत होती, नायना!" पोशेट्टी तेलुगूत म्हणाला. रस्त्यावर, मोठ्याने. समोरून येणाऱ्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

"मोडली तर मोडली. ओळ पूर्ण झाली पाहिजे."

घरी लचव्वाने मानेला हळद लावली आणि दोघांना पच्चीपुलुसू-भात वाढला. त्या दिवशी पोशेट्टीने चूळ भरली की नाही ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तो बापाच्या टोळीत गेला. पुढे नरसय्याची मान सरळ झालीच नाही, त्यामुळे हाक पोशेट्टीकडे आली. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिथे मोठा दगड उतारावरून न्यायचा असेल तिथून त्याला बोलावणं येई. पैसे तेवढेच, मान मात्र मोठा. तानाजीच्या टोळीतूनही बोलावणं यायचं. तानाजी स्वतः कधी आला नाही, रघुला पाठवायचा. आणि रघु दारातून ओरडायचा, "परशा!" मग जीभ चावून, "पोशे... फोशे... अरे, ये बाबा बाहेर!"

पण मला त्याच्या सगळ्या गोष्टींत आवडते ती त्या पहिल्याच आठवड्यातली. कामाठी एक शिळा घेऊन शहाडच्या रस्त्याने चालले होते. पोशेट्टी पुढे, उलटा चालत. मागून नेहमीची वरात आली. नवी पोरं, नवा बांबू, मडकं मात्र तसंच फुटकं. "ऐलेसा, ऐलेसा!" पोटं फुगवून चाललेली.

पोशेट्टीने हात वर केला. टोळी थांबली. टोळी थांबली तशी पोरं पळायच्या बेतात आली.

"ए, पळता कुठे? इकडे या," तो म्हणाला. "चुकतंय तुमचं. ऐलेसा म्हणता म्हणता चालताय. आधी ओळ ऐकायची. पाय शेवटी टाकायचा, 'सा'वर. घ्या बांबू खांद्यावर. हं, आता मी म्हणतो."

मागे खांद्यावर शिळा घेतलेली माणसं शिव्या घालत ताटकळली होती. त्यांना तसंच ठेवून त्याने पोरांकडून तीन वेळा म्हणून घेतलं.